डाव्या खांद्याची रायफल

शस्त्र हाती आलं की माणसाचा खरा स्वभाव प्रकट होतो आणि रणभूमीवर कोणालाही मुखवटा पांघरता येत नाही. हे मी पूर्ण विश्वासाने लिहितो आहे, कारण न्यूझीलंडमधली एक रणभूमी मी अगदी जवळून पाहिली. तिच्या फाटकापाशी येणाऱ्या प्रत्येकाला आधी शौचालय कुठे आहे ते सांगतात, मग चहाची खोली दाखवतात आणि नंतर कानांत घालायला स्पंजची बुचं देतात. मुखवट्याऐवजी चष्मा सक्तीचा आहे.

पुकेकोहे

माझा मेहुणा श्रीरंग पुकेकोहेला राहतो. ऑकलंडच्या दक्षिणेला असलेलं हे गाव कांद्या-बटाट्यांचं. ज्वालामुखीची तांबडी माती आणि तिच्यावर पट्टीने आखल्यासारख्या भाज्यांच्या ओळी. इथे गुजराती आणि पंजाबी कुटुंबं कित्येक पिढ्यांपासून शेती करतात. त्यांतले एक आजोबा वाण्याच्या दुकानात माझ्याशी गुजरातीत बोलले, मी मराठीत उत्तर दिलं आणि त्यांच्या नातवाने आम्हा दोघांना एकमेकांचं म्हणणं इंग्रजीत समजावून सांगितलं. तिघांचंही समाधान झालं.

माझी पत्नी यापूर्वी दोनदा भावाकडे जाऊन आली होती. या खेपेला तिने आपले वडील माझ्या ताब्यात दिले आणि स्वतः साताऱ्यात शांतता उपभोगायला थांबली. माझे सासरे, म्हणजे आप्पा, हे निवृत्त मुख्याध्यापक. वय ऐंशीच्या पुढे, पाठ सरळ, मत त्याहून सरळ. विमानात त्यांनी हवाईसुंदरीला तिच्या घोषणेतलं एक वाक्य अधिक मुद्देसूद कसं करता येईल ते सांगितलं. तिने त्यांना जास्तीचा संत्र्याचा रस दिला. तो बक्षीस नसून विनवणी होती, असं माझं मत आहे.

श्रीरंग फार्मासिस्ट आहे आणि त्याची बायको कल्याणी रुग्णालयात नर्स. दोघंही पुण्याहून गेलेली, दोघंही दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्यात. कल्याणीला ट्रेकिंगचा नाद आहे. श्रीरंगला दोन वर्षांपासून बंदुकीचा लागला आहे. तो 'मल्टिगन' नावाच्या स्पर्धांना जातो. नाव ऐकून वाटतं तसं त्यात काही नाही. एका फेरीत रायफल आणि शॉटगन अशा दोन्ही बंदुका वापरायच्या, या जागेवरून त्या जागेवर जायचं, लोखंडी थाळ्या पाडायच्या, कागदी लक्ष्यांना भोकं पाडायची आणि लागलेला वेळ मोजायचा. काही वर्षांपूर्वी देशात झालेल्या एका भीषण हल्ल्यानंतर आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या बहुतेक रायफली तिथे बंद झाल्या. तेव्हापासून ही मंडळी प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा ओढावा लागणाऱ्या रायफली घेऊन येतात आणि त्यातच वेग शोधतात.

"परवाना सहज मिळतो का रे?" मी पहिल्या रात्री जेवताना विचारलं.

"सहज?" कल्याणी म्हणाली. "घरी माणूस आला, तिजोरी पाहिली, मग याला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं. तुमचा नवरा रागीट आहे का, घरात भांडणं होतात का, त्याच्या हाती बंदूक द्यावी असं तुम्हांला वाटतं का."

"आणि तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, डिशवॉशरमध्ये भांडी चुकीची लावली तर रागावतो. तेवढं सोडून द्या."

आपल्याकडे मुलगी देतानाही इतकी चौकशी होत नाही. आप्पांना ही पद्धत पसंत पडली. शिक्षकांच्या नेमणुकाही अशाच व्हायला हव्यात, शिक्षकाच्या बायकोला विचारून, असं ते म्हणाले. मग ते खाली बघून भात कालवत राहिले. बहुधा सासूबाईंनी काय उत्तर दिलं असतं याचा विचार करत असावेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीरंग मला गावामागच्या टेकडीवर घेऊन गेला. वरून एका बाजूला चौकटी-चौकटींची शेतं दिसतात आणि दुसरीकडे दूरवर समुद्राची राखी रेघ. वारा असा, की बोलायचं तर एकमेकांच्या कानात बोलावं लागतं. कदाचित म्हणूनच त्याने ती जागा निवडली असेल.

"भाऊजी, मागच्या स्पर्धेत मी बाद झालो," तो म्हणाला. "आप्पांसमोर बोलू नका."

"बाद म्हणजे हरलास?"

"हरण्याचं काही नाही, हरतो मी नेहमीच. बाद म्हणजे बंदुकीची नळी नको त्या दिशेला गेली. समोर मातीचा बांध असतो. नळी कायम त्या बांधाकडे हवी. मी दांडा ओढताना गडबडलो आणि नळी बाजूला फिरली. बंदूक रिकामी होती, पण नियम म्हणजे नियम. तिथल्या तिथे सामान आवरून घरी."

"मग?"

"या मोसमात पुन्हा झालं तर नवशिक्यांच्या वर्गात परत बसायचं. तो वर्ग पुढच्या वर्षी आहे. तोवर मैदान बंद."

"मग पुढच्या वर्षी बस वर्गात. फार्मसीला नाही का बसलास?"

त्याने मान हलवली. "नाही बसणार मी. मला मी माहीत आहे. विकून टाकीन सगळं." थोडं थांबून तो म्हणाला, "आठवडाभर मी काउंटरपलीकडच्या माणसांना जेवणानंतर घ्या, जेवणाआधी घ्या सांगतो. दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो तर तिथेही लोक गुडघे दाखवतात. त्या मैदानावर मला कोणी गुडघा दाखवत नाही. तिथे मी नुसता श्री असतो. वाईट नेम असलेला श्री."

पुढची स्पर्धा आम्ही परतायच्या आधीच्या शनिवारी होती. आप्पांनी ती पाहायचं ठरवलंच होतं.

गॅरेज

न्यूझीलंडमध्ये गॅरेज म्हणजे घराची सर्वांत वापरातली खोली. गाडी सोडून तिथे सगळं असतं. श्रीरंगच्या गॅरेजमध्ये भिंतीत घट्ट बसवलेली पोलादी तिजोरी होती, वॉशिंग मशीन होतं, कल्याणीचे चिखलाचे बूट होते आणि मध्यभागी कॅरम. मुंबईहून बोटीने मागवलेला, जाड फळीचा. या कॅरमसाठी त्यांनी जितकं भाडं दिलं तितक्यात माणूस येऊन गेला असता, असं कल्याणी म्हणते.

तीन दिवस पाऊस पडत होता. आम्ही तिघं खेळायचो आणि आप्पा पंच. मी रोज हरत होतो. हरणाऱ्या माणसाला समोरच्याकडे बघण्याखेरीज काम उरत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की श्रीरंग स्ट्रायकर डाव्या हाताने मारतो. नुसता मारत नाही, तर डावा डोळा फळीच्या पातळीला आणून, मान जराही वाकडी न करता.

"तू डावखुरा आहेस?"

"होता," आप्पा म्हणाले. "पहिलीत मी घालवलं. महिनाभर डाव्या हाताला रुमाल बांधून ठेवला. आज त्याचं अक्षर बघा."

"तो फार्मासिस्ट आहे आप्पा," कल्याणी म्हणाली. "त्याचं अक्षर वाचायला वेगळी नर्स लागते."

"मग कॅरम कसा डाव्याने खेळतो?"

"कॅरम हा खेळ आहे," आप्पा म्हणाले. "लिहिणं, जेवणं, आरती आणि कोणाला काही देणं, एवढं उजव्या हाताने झालं पाहिजे. खेळाचं मी कधी बघितलं नाही."

मी श्रीरंगला विचारलं, "आणि रायफल कुठल्या खांद्याला लावतोस?"

"उजव्या." त्याने राणी खिशात घातली आणि मग हात तसाच फळीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं. "क्लबमध्ये पहिल्या दिवशी विचारलं होतं, डावा की उजवा. मी उजवा म्हटलं. लिहितो उजव्याने, जेवतो उजव्याने. दुसरं काय सांगणार?"

मग एकेक गोष्ट बाहेर आली. त्याला डावा डोळा एकटा मिटता येत नाही, म्हणून दोन वर्षं तो नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावून उभा राहत होता. उजव्या गालाखाली रायफल आणि डाव्या डोळ्याने बघायची ओढ, यांत मान अशी मुरगळायची की सोमवारी दुकानात तो स्वतःलाच मलम द्यायचा. क्लबातल्या लोकांना वाटायचं, भारतात अशीच पद्धत असेल. सभ्यपणामुळे कोणी बोललं नाही. सभ्यपणाने जगात किती नेम चुकले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

"म्हणजे डाव्या खांद्याला लावायची," कल्याणी म्हणाली. "झालं."

"झालं कसं? रायफल उजव्यांची आहे. दांडा उजव्या बाजूला आहे."

"उजवा हात आहे ना तुला? आप्पांनी घडवलेला?"

श्रीरंगने तिजोरी उघडली, रायफल काढली, रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं आणि आम्हा दोघांना दाखवलं. आप्पांनाही दाखवलं. नियमाने तेवढं पुरेसं होतं. आप्पांनी मात्र चष्मा बदलून पुन्हा पाहिलं. मग नळी मागच्या भिंतीकडे करून, डब्यांच्या उतरंडीवर टेकवून, त्याने पहिल्यांदाच ती डाव्या खांद्याला लावली. डावा हात चापाजवळ. उजवा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताने दांडा वर, मागे, पुढे, खाली. डावा हात जागचा हललाच नाही. एरवी ज्या हाताने चाप ओढायचा त्याच हाताने दांडा ओढावा लागतो आणि प्रत्येक वेळी पकड सुटते. इथे हातांनी काम वाटून घेतलं होतं.

"अरेच्चा," श्रीरंग म्हणाला. त्या संध्याकाळचं हे सर्वांत लांब भाषण.

पुढच्या चार-पाच संध्याकाळी आम्ही त्या रायफलीची पुनर्रचना केली. रायफलीच्या दस्त्यावरचा उंचवटा उजव्या गालासाठी होता. तो त्याने काढला आणि योगासनाच्या जुन्या चटईचा तुकडा कापून डाव्या गालासाठी बसवला. दुर्बीण पुढे सरकवली, कारण मान आता सरळ असल्याने डोळा वेगळ्या ठिकाणी येत होता. पट्ट्याचं कडं या बाजूचं त्या बाजूला गेलं. दिसायला तो सगळा प्रकार मोडलेल्या हाताला घरगुती उपाय केल्यासारखा होता.

अडचण एकच होती. दांडा ओढायला उजवा हात गेला की नळीखाली आधार उरत नाही. म्हणून स्पर्धेत रायफल टेकवायला जे लाकडी फळकुट असतं, त्यावर ठेवायला एक उशी हवी. बाजारात अशा उशा मिळतात, आत प्लास्टिकचे हलके दाणे. त्या मागवल्या असत्या तर स्पर्धेनंतर आल्या असत्या. कल्याणीने श्रीरंगच्या जुन्या जीनची मांडी कापून पिशवी शिवली. आत काय भरायचं यावर परिषद बसली. वाळू जड. तांदूळही जड. मुरमुरे चुरडतात. तेव्हा कल्याणीने फडताळातून साबुदाण्याचा डबा काढला. गोल, गुळगुळीत, हलका, हाताखाली सरकणारा.

"उपवासाचं आहे ते," आप्पा म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. "रायफलही दोन वर्षं उपाशीच आहे. काही लागलेलं नाही तिला."

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं, पण पिशवी भरली. आम्ही चौघंही बऱ्यापैकी शिकलेली माणसं. साबुदाणा म्हणजे काय आणि न्यूझीलंडचं हवामान म्हणजे काय, हे दोन्ही आम्हांला ठाऊक होतं. ते एकत्र मात्र आम्ही कधी केलं नाही.

सरावाचा दिवस

मैदान वायकाटो नदी ओलांडल्यावर टेकड्यांच्या बेचक्यात आहे. वाटेत गाई, मेंढ्या, पुन्हा गाई. मैदानाला लागून असलेल्या कुरणातल्या गाई गोळीबाराला इतक्या सरावल्या आहेत की आवाज थांबला की मान वर करतात.

तिथला प्रमुख हेमी. धिप्पाड देहाचा, हळू बोलणारा माओरी गृहस्थ, पोटापाण्यासाठी घरांची छपरं बसवतो. त्याने आम्हांला "कियाओरा" म्हटलं. आप्पांनी हात जोडून नमस्कार केला. हेमीनेही हात जोडले आणि मग बराच वेळ कोणी खाली घ्यायचे हे ठरेना.

श्रीरंगने त्याला डाव्या खांद्याची गोष्ट सांगितली. हेमीने रायफल फिरवून पाहिली, चटईच्या तुकड्यावर बोट दाबलं, साबुदाण्याची उशी हलवून कानाशी धरली.

"चालेल," तो म्हणाला. "माझ्या बाबांनाही शाळेत डाव्या हातावर छडी मिळायची."

आप्पांना हे मी मराठीत सांगितलं. "मग?" त्यांनी थेट हेमीलाच इंग्रजीत विचारलं. "सुधारले का?"

"मग काय," हेमी म्हणाला, "दोन्ही हातांनी मेंढ्या कातरायला लागले. एका हाताने दुखलं की दुसऱ्याने."

आप्पांनी हे उत्तर आपल्या बाजूचं धरलं.

ऊन होतं, उशी कोरडी होती. श्रीरंग बाकावर बसून रायफल डाव्या खांद्याला लावू लागला. पहिली गोळी सुटली आणि दांडा ओढताच रिकामं काडतूस त्याच्या नाकासमोरून उडून गेलं. तो दचकला, पण नळी हलली नाही. हेमी मागे उभा राहून फक्त नळीकडे बघत होता. मीही मग लक्ष्याकडे न बघता नळीकडेच बघू लागलो. नेमबाजी पाहायला गेलेल्या माणसाने लक्ष्याकडे पाठ फिरवावी, हे मला तिथे प्रथमच योग्य वाटलं.

पूर्वी श्रीरंगच्या गोळ्या परातीएवढ्या घेरात पसरायच्या. त्या दिवशी त्या वाटीत मावल्या. वाटी परातीच्या मध्यावर नव्हती, वर डावीकडे होती, पण दुर्बिणीच्या चकत्या फिरवून ती हळूहळू मध्यावर आली. श्रीरंगने चष्म्यावरची चिकटपट्टी सोलून काढली, बोटांत गोळी केली आणि खिशात टाकली. तिथे कचरा टाकायला बंदी आहे.

स्पर्धा

शनिवारी आभाळ खाली आलं होतं. पाऊस म्हणावा असा नव्हता, हवाच ओली होती. तीसेक माणसं जमली होती. शेतकरी, एक दंतवैद्य, एक प्राथमिक शाळेतली बाई, दोन-तीन सुतार. सूत्रसंचालक नाही, मान्यवर नाहीत, मनोगत नाही. हेमी एका उलट्या खोक्यावर चढला, सुरक्षेचे नियम सांगितले, उतरला. मी आयुष्यात इतकं छोटं उद्घाटन पाहिलेलं नाही. आप्पांना चुकल्यासारखं वाटलं.

तिथली एक रीत मला फार आवडली. आपली पाळी नसेल त्याने कामाला लागायचं. पडलेल्या थाळ्या उभ्या करायच्या, त्यांना पुन्हा रंग मारायचा, कागदी लक्ष्यांवरची भोकं चिकटपट्टीच्या तुकड्यांनी बुजवायची. बघ्याचं पद तिथे रिकामंच असतं. मैदान शांत असताना आप्पांच्या हातातही चिकटपट्टी दिली गेली, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना पुन्हा पेपर तपासायला मिळाले. ते प्रत्येक भोक वाकून पाहत. शाळेतल्या बाई गुण पुकारत आणि आप्पा हरकत घेत. श्रीरंगच्या पहिल्या लक्ष्यावर एक भोक आतल्या रेषेला स्पर्श करून बाहेर गेलेलं होतं.

"आतले गुण," बाई म्हणाल्या. "रेषेला लागलं की आतलं धरायचं."

"रेषेला लागलं म्हणजे आत नाही," आप्पा इंग्रजीत म्हणाले.

"पण हा तुमचा मुलगा आहे."

"म्हणूनच."

बाईंनी आतलेच गुण मांडले. आप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अशानेच मुलं बिघडतात."

पहिल्या तीन फेऱ्या श्रीरंगने सावकाश, पण नीट पार पाडल्या. दरम्यान पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळलेलं सॉसेज आणि तळलेला कांदा असं जेवण झालं. आप्पांनी सॉसेज वगळून पाव-कांदा खाल्ला. "कांदा गोड आहे," म्हणाले. कल्याणीने आणलेल्या मेथीच्या ठेपल्यांवर दंतवैद्य आणि हेमी यांची नजर गेली आणि डबा परत आलाच नाही. एव्हाना हवा ओलीचिंब झाली होती आणि पाऊसही भुरभुरू लागला होता. श्रीरंगने उशी उचलली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर औषधाचा चुकीचा डोस दिसल्यासारखा भाव आला.

"भाऊजी, हात लावा."

मी लावला. आत सरकणारं काही नव्हतं. साबुदाणा भिजला होता, चिकटला होता, एक गोळा झाला होता. बाहेरच्या कापडावरही चिकट ओल आली होती.

"अजून तासभर ठेवलास तर खिचडी होईल," मी म्हटलं.

"कूट आणलंय का?" कल्याणी म्हणाली. तिच्या आवाजात विनोद नव्हता. शेवटची फेरी उरली होती, आणि रायफल बाजूला फिरण्याची भीती याच फेरीत होती.

फेरी अशी. लाकडी फळकुटावर रायफल टेकवून पाच थाळ्या, मग रायफल रिकामी करून खोक्यात ठेवायची, शॉटगन उचलायची, आणखी चार थाळ्या. ठरावीक वेळ संपला की थांबायचं. हेमी श्रीरंगच्या मागे हातभर अंतरावर उभा राहिला. भोंगा वाजला.

पहिली थाळी पडली. श्रीरंगच्या उजव्या हाताने दांडा ओढला, पुढे ढकलला. दुसरी थाळी पडली. तिसऱ्या वेळी दांडा मागे ओढताना नळीखालची उशी फळकुटाला चिकटून बसली आणि रायफल तिच्यावरून न सरकता तिच्यासकट वळली. नळीचं टोक डावीकडे निघालं.

"नळी," हेमी म्हणाला. तो ओरडला नाही. शेजाऱ्याला गॅस चालू राहिल्याचं सांगावं, तसं.

माझ्या शेजारी कल्याणीने माझ्या जाकिटाची बाही धरली. आप्पा खुर्चीवरून उठले होते. श्रीरंग थांबला. त्याचा डावा हात चापापासून लांब, सरळ, सगळ्यांना दिसेल असा. नळी सावकाश बांधाकडे आली. बाद ठरायच्या रेषेपर्यंत थोडी जागा उरलेली होती. किती, ते मला सांगता येणार नाही. सांगू शकणारा एकटा हेमी होता आणि तो पुढे काही बोलला नाही.

वेळ जात होता. घाई केली असती तर श्रीरंगला उशीसकट उरलेल्या थाळ्या पाडता आल्या असत्या, किंवा उशीसकट घरी जाता आलं असतं. त्याने उजव्या हाताने उशी ओढून काढली, पायाशी टाकली, रायफल ओल्या लाकडावर नुसती टेकवली आणि दांडा इतक्या सावकाश ढकलला की जणू आतमध्ये कोणी झोपलं आहे. तिसरी थाळी. चौथी. पाचवी चुकली, पुन्हा चुकली, मग पडली. रायफल रिकामी करून खोक्यात ठेवली, नळी बांधाकडे. शॉटगनने एक थाळी पाडली तोच भोंगा वाजला. तीन थाळ्या तशाच उभ्या राहिल्या, पावसात चकाकत.

"रिकामी करून दाखव," हेमी म्हणाला. श्रीरंगने दाखवली. हेमीने आत डोकावून पाहिलं, मग मैदान मोकळं असल्याची हाक दिली. त्याने श्रीरंगच्या पाठीवर थाप मारली. "स्वीट ॲज, श्री," म्हणजे तिकडच्या भाषेत झकास. "पुढच्या महिन्यात भेटू."

पुढच्या महिन्यात. श्रीरंगने ते शब्द ऐकले आणि चष्मा काढून पुसायला लागला. पाऊस पडत होताच, त्यामुळे कोणाला काही विचारायचं कारण नव्हतं.

"लागल्या का सगळ्या?" आप्पांनी मला विचारलं.

"नाही. पण बाद झाला नाही."

"बाद होणार होता?"

मी श्रीरंगकडे पाहिलं. त्याने स्वतःच सांगितलं, टेकडीवर मला सांगितलं होतं ते सगळं. मागची स्पर्धा, वर्ग, विकून टाकायची गोष्ट. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मग विचारलं तेव्हा डावा का नाही सांगितलास?"

"तुम्ही घालवला होता ना आप्पा."

परतीच्या वाटेवर नदी आली. पूल ओलांडल्यावर आप्पांनी पुढच्या सीटवरून, समोर बघतच, निकाल दिला. "डावा हात जन्माने मिळाला, उजवा मी दिला. आज दोन्ही लागले. कोणाचाच हात वाया गेला नाही." सार्वजनिक ठिकाणी कोरून ठेवावं असं हे वाक्य होतं, आणि ते तशाच स्वरात म्हटलं गेलं. मागच्या सीटवर कल्याणीने खिडकीबाहेर पाहिलं. श्रीरंग म्हणाला, "हो आप्पा." त्याने ते मनापासून म्हटलं, असं मला वाटलं.

रात्री जेवण होईतो क्लबचा निकाल फोनवर आला. श्रीरंग खालून पाचवा होता. त्याच्या खालच्या चौघांपैकी दोघे पावसामुळे आलेच नव्हते.